या हवेला मऊ पावच मानवतो

जुलैत मुंबईत सकाळी भाजलेल्या कडक ब्रेडची साल संध्याकाळपर्यंत चिवट होते. यात भाजणाऱ्याचा काही दोष नसतो. सालीत पाणी जवळजवळ नसतं, आतल्या गाभ्यात भरपूर असतं आणि बाहेरची हवा तर ओलीगच्च. दोन्हीकडून दमटपणा सालीत शिरतो. सावरडो, म्हणजे यीस्टची पुडी न घालता पीठ आपोआप आंबवून केलेला ब्रेड, म्हटलं की जो मोठा, जाड सालीचा, वरून भेगाळलेला, आतून भोकाभोकांचा गोल ब्रेड डोळ्यांपुढे येतो, तो थंड मुलखातला आहे. तिथे तो दोन-तीन दिवस ऐटीत राहतो. इथे त्याची रया एका दिवसात जाते.

मला तो ब्रेड आवडतो आणि मी तो करतोही. पण मुलुंडच्या आमच्या स्वयंपाकघरात, आईच्या कवळीला झेपेल आणि रविवारच्या रश्श्यात बुडवता येईल असं काही करायचं, तर आंबवलेल्या पिठाचे मऊ रोलच. गेली काही वर्षं मी तेच करत आलोय आणि आता माझं मत ठाम झालंय: मुंबईत घरी सावरडो करू पाहणाऱ्यानं आधी हे छोटे रोल शिकावेत, मोठ्या ब्रेडच्या मागे नंतर लागावं. मोठ्या ब्रेडला २३०-२५० अंशांची धग लागते, जाड झाकणाचं लोखंडी भांडं लागतं, भट्टीत वाफ लागते. रोलना १८० अंश पुरतात, वाफेची गरज नाही, ओट्यावरचा साधा ओटीजी ओव्हन चालतो. आणि मऊपणा साधणं हे कडक साल साधण्याहून सोपं आहे असं कुणी समजू नये. आंबवलेल्या पिठाला आंबट आणि चिवट व्हायची उपजत ओढ असते. त्याला मऊ ठेवायला प्रत्येक पायरीवर लक्ष द्यावं लागतं.

डिनर रोल हा अमेरिकन जेवणाच्या टेबलावरचा पदार्थ. बॉस्टनच्या पार्कर हाउस हॉटेलात १८७०च्या दशकात लोणी लावून दुमडलेले रोल निघाले, त्यांनी तो प्रसिद्ध केला. पण ट्रेमध्ये गोळे खेटून लावायचे, फुगताना ते एकमेकांना चिकटू द्यायचे, भाजल्यावर ओढून सुटे करायचे, ही सगळी रचना आपल्या लादी पावाची आहे. दोन्हीकडे कारण एकच. खेटलेल्या बाजूंना थेट आच लागत नाही, म्हणून त्यांना साल धरत नाही. आणि आडवं पसरायला जागा नसल्यानं गोळा वर चढतो. पाव सोडवताना बाजूला जे लांब, रेशमी धागे दिसतात ते या दाटीवाटीमुळे. एकेकटा, मोकळा भाजला की त्याचाच कडक पाव होतो. मुंबईतल्या बेकऱ्यांना ही दोन्ही टोकं पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत: एकीकडे चहात बुडवायचा ब्रून, दुसरीकडे भाजीबरोबरचा लादी पाव.

पाव आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला. १५३४ साली वसई त्यांच्याकडे गेली आणि १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकेपर्यंत दोनशे वर्षं राहिली. हे सगळ्यांना माहीत असतं. कमी बोललं जातं ते याबद्दल, की तेव्हा पीठ फुगवायला यीस्टची पुडी नव्हती. गोव्यात पोदेर, म्हणजे तिथले पाववाले, माडाची सूर घालून पीठ आंबवत, आणि आपल्या उत्तर कोकणातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत ताडी घालून. आमच्या मजल्यावर वसईचं माहेर असलेल्या एक काकू राहतात. लग्नकार्यात त्यांच्याकडे फुगे होतात. मैद्याचं सैल पीठ, त्यात अंडी आणि नारळाचं दूध, हातानं पिळून गोळे थेट तेलात सोडायचे; ते टम्म फुगतात, आतून पोकळ आणि मऊ राहतात, आणि विंदालूबरोबर खायचे. त्यांच्या आईच्या वेळेपर्यंत पिठात ताडीच पडायची, असं त्या सांगतात. पहाटे उतरवलेली नीरा गोड असते. ऊन चढलं की ती आपोआप आंबायला लागते, कारण रसात यीस्ट आणि आम्ल करणारे जिवाणू दोन्ही येऊन बसलेले असतात. सावरडोच्या स्टार्टरमध्ये, म्हणजे बरणीत पाळलेल्या पीठ-पाण्याच्या विरजणातही, हीच जोडी असते. म्हणजे रानटी यीस्टवर फुगवलेला मऊ पदार्थ या किनाऱ्यावर यीस्टच्या पुडीच्या आधीपासून आहे. मी घरात जे करतो ते मला परकं वाटत नाही त्याचं हे एक कारण.

दुसरं कारण आईकडचं. ती सिन्नरची. तिच्या माहेरी चैत्र-वैशाखात कुरडया व्हायच्या. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, आणि तिसऱ्या दिवशी घरभर जो आंबूस वास सुटायचा तो मला लहानपणापासून पाठ आहे. मग गहू वाटायचे, पाण्यात कालवून गाळायचे, चोथा बाजूला काढायचा. गाळलेल्या पाण्याच्या तळाशी पांढराशुभ्र चीक बसतो, तो मीठ घालून शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून कुरडया घालायच्या. आम्ही मुलं वाटीत तूप-साखर घालून चीकच संपवायचो. पुष्कळ वर्षांनी ब्रेडच्या मागे लागल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या चोथ्यात कोंड्याबरोबर जे चिकट, रबरी धागे असायचे ते ग्लुटेन होतं. कुरडईला गव्हातला स्टार्च हवा, म्हणून धागे काढून टाकायचे. ब्रेडला धागेच हवेत, कारण फुगवणारा वायू तेच अडवून धरतात. एकाच आंबवलेल्या गव्हाच्या या दोन वाटा. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग काय रे, आम्ही इतकी वर्षं तुझा ब्रेड म्हशीला घातला?" खरंच तसंच होतं. चोथा गोठ्यात जायचा.

स्टार्टर कसा करायचा ते थोडक्यात सांगतो. गिरणीतून दळून आणलेलं गव्हाचं पीठ आणि तितकंच पाणी, वजनानं सारखं. रोज अर्धं काढायचं, नवं पीठ-पाणी घालायचं. हे जीव मुख्यतः पिठातून येतात, कोंड्याला चिकटून. म्हणून मैद्यापेक्षा सालासकट दळलेलं पीठ लवकर जागं होतं. पहिले दोन-तीन दिवस जो जोरदार फेस येतो त्यावर भुलू नये, ते दुसरेच जिवाणू असतात आणि आम्लता वाढली की मरतात. मग एक-दोन दिवस काहीच घडत नाही. तिथे पुष्कळजण बरणी ओतून देतात. देऊ नये. खरी मंडळी त्यानंतर येतात. पाणी मात्र बघून घ्यावं. आपलं पाणी भातसा, तानसा, वैतरण्याहून येतं, शुद्धीकरण केंद्रात त्यात क्लोरीन पडतं आणि पावसाळ्यात वास जाणवण्याइतका पडतो. उकळून गार केलेलं पाणी वापरलं की प्रश्न मिटतो, आणि ते मुंबईच्या बहुतेक घरांत भरलेलंच असतं.

आता मुद्द्याची गोष्ट, तापमान. सावरडोच्या कलेत मुंबईकराला हीच सगळ्यात जास्त छळते, आणि परदेशी पाककृतींमध्ये तिचं उत्तर क्वचित सापडतं.

१९७१ साली कॅलिफोर्नियातल्या क्लाइन आणि सुगिहारा या दोन संशोधकांनी सान फ्रान्सिस्कोच्या सावरडोमधली जोडी ओळखली. त्यातल्या जिवाणूला पिठातली माल्टोज साखर लागते, आणि त्याच्या सोबतच्या यीस्टला माल्टोज वापरताच येत नाही. त्यामुळे एकाच भांड्यात राहूनही त्यांचं भांडण होत नाही. जिवाणूला त्या शहराचंच नाव मिळालं, पुढे तो जगभरच्या स्टार्टरमध्ये सापडला. या दोघांना मानवणारी उष्णता मात्र वेगळी आहे. यीस्टचा वेग साधारण २७ अंशांना सर्वांत चांगला असतो, जिवाणूचा ३२-३३ अंशांना. आता मे महिन्यातलं मुंबईचं स्वयंपाकघर आठवा. गॅस पेटवण्याआधीच तिथे ३२ अंश असतात. म्हणजे आपली खोली आम्ल करणाऱ्याच्या बाजूनं कललेली आहे. पीठ फुगायच्या आधी आंबटतं, आणि वाढलेल्या आम्लात गव्हातलीच काही विकरं (एन्झाइम्स) ग्लुटेनचे धागे तोडायला लागतात. सकाळी घट्ट होता तो गोळा दुपारी ओघळतो. रोल मऊ होण्याऐवजी बसके आणि चिवट होतात.

यावर उपाय पिठाच्या घडणीत आहे. रोजच्या पातळ स्टार्टरऐवजी रोलसाठी मी घट्ट आणि गोड विरजण लावतो: ३० ग्रॅम जागा झालेला स्टार्टर, ६० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम पाणी, १० ग्रॅम साखर. घट्टपणामुळे जिवाणूंची धाव मंदावते. साखर पाण्याला धरून ठेवते, त्यामुळे आम्ल कमी तयार होतं. इटलीत पानेतोने या नाताळच्या गोड ब्रेडसाठी जो घट्ट स्टार्टर पाळतात, त्यामागेही हाच विचार आहे. लोणी, साखर, दूध घातलेल्या पिठात आंबटपणा टोचतो. त्या गोडसर पिठाला मागून हलकी आंबूस चव हवी, इतकीच. पाणी फ्रिजमधलं घ्यायचं. विरजण दुप्पट झालं आणि अजून घुमटासारखं वर उभं आहे, तेव्हाच वापरायचं. मधोमध खचू लागलं की ते आंबटाकडे झुकलं समजावं. उन्हाळ्यात चार तासांत ही वेळ येते, जानेवारीच्या रात्री सात-आठ तास लागतात. घड्याळापेक्षा बरणीकडे बघावं.

मऊपणाचं दुसरं गमक आईनं मला नव्यानं शिकवलं. पूर्व आशियात मऊ ब्रेडसाठी थोडं पीठ पाचपट पाण्यात किंवा दुधात शिजवून घेतात. तैवान-चीनकडे त्याला तांगझोंग म्हणतात. जपानमधलं ‘युदाने’ पिठावर उकळतं पाणी ओतून करतात. आपल्या भाषेत ही उकडच. साधारण ६५ अंशांना स्टार्च फुलतो आणि एरवी धरला असता त्याहून कितीतरी जास्त पाणी आत ओढून घेतो. ते पाणी पीठ मळताना चिकटचिकट करत नाही, भाजताना पटकन उडत नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही पावात राहतं. मी थर्मामीटर घेऊन उभा होतो. आईनं डाव हातातून घेतला, मंद आचेवर ढवळत राहिली आणि तळाशी डावाची वाट उमटून क्षणभर टिकली तेव्हा गॅस बंद केला. थर्मामीटर लावला तर ६६. मोदकाची उकड वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाला आकडा लागत नाही. तेव्हापासून आमच्याकडे उकड तीच काढते: २५ ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम दूध. पूर्ण गार करूनच पिठात घालायची.

मैदा साधा वाण्याकडचा चालतो. पाकिटावर प्रथिनं शंभर ग्रॅमला १०-११ ग्रॅम लिहिलेली असतात. मोठ्या ब्रेडला ती अपुरी पडतात, रोलना पुरतात. फार जोरकस पिठाचे रोल उलट रबरी होतात. काही जणांना यात गव्हाचं पीठ घालायचं असतं. पाचवा हिस्सा घालावा, चव सुंदर येते. त्याहून जास्त घातलं की कोंड्याच्या कडा ग्लुटेनचे धागे कापतात आणि मऊपणा जातो. खपलीचं पीठ मला स्टार्टरला घालायला आवडतं, रोलमध्ये नाही.

तर वरचं सगळं विरजण, गार उकड, ३२५ ग्रॅम मैदा, १३० ग्रॅम थंड दूध, ३५ ग्रॅम साखर, ८ ग्रॅम मीठ. हे आधी मळायचं, आणि पीठ एकजीव, लवचीक झाल्यावर ५० ग्रॅम मऊ लोणी थोडंथोडं करून जिरवायचं. लोणी सुरुवातीलाच घातलं तर ते पिठाच्या कणांना वेढतं आणि ग्लुटेन जुळायला वेळ लावतं. विकतचं खारं लोणी असेल तर मीठ जरा कमी करावं. हातानं मळताना पंधरा-वीस मिनिटं जातात. मधे एक वेळ अशी येते की लोण्यामुळे सगळं फाटून घसरतं आणि आता हे जुळणार नाही असं वाटतं. तेव्हा मैदा भुरभुरू नये. मळत राहावं, जुळतं. शेवटी पीठ पुरणपोळीच्या कणकेइतकं सैल आणि तुकतुकीत हवं. लहान तुकडा बोटांवर ताणला तर पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ पडदा न फाटता व्हावा.

मग ते दीडपट होईस्तोवर बाहेर, आणि तिथून थेट फ्रिजमध्ये, रात्रभर. दुप्पट होण्याची वाट आपल्या हवेत बघू नये, कारण फ्रिजमध्ये गेल्यावरही गाभा गार व्हायला दोन-तीन तास लागतात आणि तेवढ्या वेळात ते फुगतच असतं. गार पीठ वळायलाही सोपं, लोणी घट्ट झाल्यानं हाताला चिकटत नाही. प्रत्येकी ५० ग्रॅमच्या आसपासचे १६ गोळे होतात. ओट्यावर पीठ न शिंपडता तळहाताच्या पोकळीत धरून गोल फिरवायचे, म्हणजे खालची बाजू ओट्याला किंचित धरते आणि वरची ताणली जाते. हा ताण पडला नाही तर गोळा वर न जाता आडवा होतो. नऊ इंची चौकोनी टिनमध्ये चार-चारच्या ओळी. गोळ्यांमध्ये बोटभर जागा सोडायची, ती ते स्वतः भरून काढतात.

या दुसऱ्या फुगण्यात घाई करणारे फार, आणि मला वाटतं घरगुती सावरडो रोल दडस होण्याचं मुख्य कारण हेच आहे. यीस्टच्या पुडीचं पीठ पाऊण तासात तयार होतं, त्याची सवय मनात बसलेली असते. रानटी यीस्टला, तेही साखर-लोण्याच्या पिठात, फ्रिजमधून बाहेर आल्यावर उन्हाळ्यात तीन तास आणि थंडीत पाच तास लागू शकतात. गोळे एकमेकांना टेकले, टिन हलवला की सगळे मिळून किंचित थरथरले, आणि ओल्या बोटानं हलकेच दाबलेला खळगा सावकाश, अर्धवट भरून आला, की दूध लावून १८० अंशांवर बावीस ते पंचवीस मिनिटं. बाहेर काढल्या काढल्या वरून लोणी फिरवायचं. सालीवरचं हे लोणी चवीपुरतं नसतं. वरची साल त्यानं मऊ राहते.

बेकऱ्यांच्या भट्ट्यांबद्दल सध्या पुष्कळ बोललं जातं. २०२५च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर न्यायला सांगितलं. जुन्या फर्निचरचं रंग लागलेलं भंगार लाकूड जाळण्यानं भट्टीपाशी उभ्या असणाऱ्या माणसाच्या छातीत काय जातं, याचा विचार केला तर हे व्हायलाच हवं. त्याच वेळी लहान बेकरीवाल्यांना तो खर्च एकट्यानं उचलायला लावू नये, असंही मला वाटतं. पाव महागला तर त्याची पहिली झळ पावावर दुपार काढणाऱ्यांना बसेल. चवीची काळजी मात्र मला कमी वाटते. लादी पावाची चव धुरापेक्षा पिठाच्या आंबण्यात जास्त आहे, आणि ते आंबणं गॅसवरही तसंच राहतं.

आंबवण्यामुळे टिकाऊपणाही येतो, आणि आपल्या हवेत त्याची किंमत फार आहे. पावसाळ्यात ब्रेडला लवकर बुरशी धरते. म्हणून विकतच्या ब्रेडमध्ये कॅल्शियम प्रोपिओनेट घालतात. उष्ण-दमट हवेत ब्रेडला आणखी एक रोग होतो. बॅसिलस जातीच्या जिवाणूंचे बीजाणू भाजण्यातही मरत नाहीत, पाव उष्ण राहिला की ते जागे होतात. आतला गाभा चिकट होतो, तोडला तर तारा सुटतात आणि अतिपिकल्या फळाचा वास येतो. पिठात पुरेसं आम्ल असलं तर हे जिवाणू वाढत नाहीत, आणि बुरशीलाही ॲसेटिक आम्ल आवरतं. म्हणून आंबटपणा कमी ठेवायचा, पण पार घालवायचा नाही. आमचे रोल जुलैत डब्यात तिसऱ्या दिवसापर्यंत चांगले राहतात. फ्रिजमध्ये ठेवू नयेत: तिथल्या गारव्यात स्टार्च सर्वांत वेगानं पुन्हा घट्ट होतो आणि पाव शिळा लागतो. उरले तर फ्रीझरमध्ये, आणि खाताना तव्यावर झाकण ठेवून पाण्याचा एक हबका.

रोज बाजूला काढायच्या स्टार्टरचं आई धिरडं करते. त्यात थोडं बेसन, ज्वारीचं पीठ, हिरवी मिरची, कोथिंबीर घातली की सोडा लागत नाही. बरणीतलं काहीही फुकट जाऊ द्यायचं नाही हा तिचा नियम आहे.

आणि रोल कशाशी खायचे? लोणी-जॅमशी मुलं खातात. मला विचाराल तर मटणाचा पातळ रस्सा, नाहीतर काळ्या वाटाण्याची उसळ. विकतचा पाव रश्श्यात लगेच विरघळतो. हा रस्सा शोषून घेतो, तरी हातात टिकतो, आणि त्याचा हलका आंबूसपणा खोबऱ्याच्या वाटणाला उठाव देतो. वसईच्या काकूंनी एकदा त्यांच्या विंदालूबरोबर हेच रोल वाढले आणि म्हणाल्या, पुढच्या वेळी पिठात नारळाचं दूध घालून बघ. दुधाच्या जागी ते घातलं तर उकड आणखी दाट होते, म्हणून आता गाईच्या दुधात निम्मं नारळाचं, लोणी दहा ग्रॅमनं कमी, असं आमच्याकडे ठरलंय. नाताळात त्यांच्याकडे हाच टिन जातो.